पडद्याच्या वेगाचा हिशेब

गेल्या दोनतीन वर्षांत आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांत आंकड्यांची एक नवीन भाषा रूढ झाली आहे. "तुझा पडदा साठाचा, कीं एकशेंचव्वेचाळिसाचा?" असा प्रश्न मधल्या सुटींत सहज कानीं पडतो. हे आंकडे संगणकाच्या मॉनिटरचे होत. पडदा दर सेकंदास किती वेळां चित्र नव्यानें उमटवितो, हें ते सांगतात. त्या मापास रिफ्रेश रेट असें नांव आहे, आणि तें हर्ट्झमध्यें मोजतात. महाड-पोलादपुराकडील मुलांस ह्या आंकड्याची ओढ कां लागावी, आणि ती लागली असतां पालकांनीं व शिक्षकांनीं काय करावें, ह्याविषयीं आमचें मत आम्ही येथें मांडीत आहों.

ह्या प्रश्नीं दोन पक्ष आहेत. वडील मंडळी म्हणतात, "डोळ्याला इतकें कोठें दिसतें? सारें दुकानदारीचें थोतांड!" मुलें म्हणतात, "आंकडा जितका मोठा तितका खेळ चांगला." आम्हांस दोन्ही पक्ष अर्धवट वाटतात. पडद्याच्या वेगाचा लाभ खरा आहे आणि तो डोळ्यास दिसतो. परंतु तो लाभ खोक्यावरील आंकड्याबरोबर आपोआप घरीं येत नाहीं. कार्ड, प्रोसेसर, केबल, मॉनिटर आणि सेटिंग ही सबंध सांखळी जुळली तरच तो मिळतो. सांखळी समजून न घेतां केलेला खर्च बहुतेक वायां जातो, आणि आमच्या भागांतील घरांना असा खर्च परवडत नाहीं.

प्रथम डोळ्याचा विचार करूं. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. तेव्हांपासून आजपर्यंत ह्या विद्येचें मर्म एकच आहे : स्थिर चित्रें एकामागून एक इतक्या त्वरेनें दाखवावयाचीं, कीं डोळ्यानें तीं आपली आपण जोडून घ्यावीं. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईंत कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्या काळीं कॅमेरा हातानें फिरवीत आणि सेकंदास सुमारें १६ चित्रें घेत. पुढें बोलपट निघाले. आवाजाला एकसारखी गति लागते, म्हणून सेकंदास २४ चित्रांचा दंडक ठरला. प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीं आला, तो ह्याच युगांत.

परंतु २४ च वेळां प्रकाश पडला तर पडदा लुकलुकतो. म्हणून प्रक्षेपक यंत्रांत एक फिरती पाकळी बसवून प्रत्येक चित्र दोनदां किंवा तीनदां दाखवीत. चित्रें २४ च राहत, पण प्रकाशाची उघडझांप ४८ किंवा ७२ वेळां होई. विद्यार्थ्यांनीं हा भेद नीट लक्षांत घ्यावा. लुकलुक थांबणें ही एक गोष्ट, आणि हालचाल सुबक दिसणें ही दुसरी. "डोळ्याला चोविसापलीकडे दिसत नाहीं" असें जे म्हणतात, ते ह्या दोहोंची गल्लत करतात. चोवीस चित्रांनीं कथा कळते. पण कॅमेरा झपाट्यानें बाजूला वळला म्हणजे चित्र अडखळतांना आपणां सर्वांस दिसतें.

आतां हा ६० चा आंकडा आला कोठून तें पाहूं. आपल्याच जिल्ह्यांतील भिरा येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र १९२७ सालीं सुरू झालें. मुळशीच्या जलाशयाचें पाणी सह्याद्रीवरून खालीं आणून तेथें वीज होते. आपल्या देशाची वीज सेकंदास ५० आवर्तनांची आहे. युरोपांतहि तीच चाल, अमेरिकेंत मात्र ६० ची. दूरचित्रवाणी निघाली तेव्हां विजेच्या आवर्तनांशीं पडद्याचा मेळ नसला तर चित्रावर पट्टे सरकत. म्हणून आपल्याकडील दूरचित्रवाणीनें ५० चा ताल धरिला आणि अमेरिकेनें ६० चा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें तें पन्नासाच्याच तालावर. घरगुती संगणकाचा विस्तार मुख्यतः अमेरिकेंतून झाल्यामुळें मॉनिटरनें साठाचा ताल उचलला, आणि तो आजपर्यंत टिकला. तात्पर्य, ६० ही डोळ्याची मर्यादा नव्हे. ती एका देशाच्या विजेच्या तारांनीं मागें ठेविलेली संवय आहे.

जुन्या जाड कांचेच्या मॉनिटरांत किरण धांवत जाऊन चित्र रंगवी आणि तें लगेच विझूं लागे. त्यामुळें ६० वर लुकलुक जाणवे, आणि पुष्कळ लोक ७५ किंवा ८५ वर पडदा ठेवीत. आजचा सपाट पडदा दुसरें चित्र येईपर्यंत पहिलें तसेंच तेवत ठेवितो. लुकलुक गेली, पण एक नवा दोष आला. समजा, १९२० ठिपके रुंद असलेल्या पडद्यावरून एक चेंडू दोन सेकंदांत ह्या टोंकाकडून त्या टोंकास जात आहे. म्हणजे सेकंदास ९६० ठिपके. पडदा ६० चा असेल तर चेंडू दर वेळीं १६ ठिपके उडी मारतो. आपला डोळा मात्र चेंडूमागें अखंड सरकत असतो. चित्र थांबलेलें, डोळा चालता, म्हणून चेंडू तितक्या रुंदीनें पुसट दिसतो. पडदा १२० चा केला तर ती पुसटता ८ ठिपक्यांवर येते, २४० चा केला तर ४ वर. हें कोणीहि कागदावर मांडून पाहावें. वडील मंडळींच्या "थोतांड" ह्या शब्दास आमचें हें उत्तर आहे.

मुलांच्या पक्षासहि एक हिशेब द्यावा लागतो. ६० च्या पडद्यावर एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद टिकतें, १४४ वर ६.९, २४० वर ४.२, आणि ३६० वर २.८. साठावरून एकशेंचव्वेचाळिसावर गेलें असतां सुमारें १० मिलिसेकंद वांचतात. तेथून २४० वर गेलें तर तीनांहून कमी, आणि पुढें ३६० वर गेलें तर अवघे १.४. पहिली पायरी उंच आहे, पुढच्या पायऱ्या ठेंगण्या होत जातात, आणि किंमत मात्र प्रत्येक पायरीस चढतच जाते. सामान्य विद्यार्थ्यास १२० किंवा १४४ च्या पुढें जाण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. जो खरोखरच स्पर्धेंत उतरणार, त्याची गोष्ट निराळी. २०२३ सालीं हांगचौ येथें भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकें होतीं. आपल्या संसदेनेंहि २०२५ सालच्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरवितांना ई-स्पोर्ट्सला वेगळें स्थान दिलें. तेव्हां ह्या खेळास सरसकट व्यसन म्हणून हिणविणेंहि आतां योग्य नव्हे.

आतां सांखळीकडे वळूं. पडदा हा केवळ दाखविणारा आहे. चित्र काढण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. कार्ड एखाद्या खेळांत सेकंदास ७० च चित्रें काढूं शकत असेल, तर २४० चा पडदाहि ७० च नवीं चित्रें दाखवील. पाटाचें पाणी सर्वांत अरुंद जागेंतून जेवढें जाईल तेवढेंच शेतांत पोंचतें, तसा हा प्रकार आहे. कार्डाला काम पुरविणारा प्रोसेसर जर मंद असला तर भारी कार्डहि वाट पाहत बसतें. कार्डाचा आणि पडद्याचा ताल जुळला नाहीं, तर वरचा अर्धा भाग जुन्या चित्राचा आणि खालचा नव्याचा, असें चित्र मधोमध चिरलेलें दिसतें. त्यावर उपाय निघाला तो पडद्यानेंच कार्डाची वाट पाहण्याचा. एनव्हिडिया कंपनीनें २०१३ सालीं जी-सिंक ह्या नांवानें तो पुढें आणिला, आणि २०१४ सालीं अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक ह्या नांवानें तो सर्वांसाठीं प्रमाण झाला. आमच्या मतें खोक्यावरील मोठ्या आंकड्यापेक्षां ही सोय आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. सेकंदास ७० ते ९० चित्रें काढणाऱ्या बेताच्या कार्डालाहि ती सोय चांगली साथ देते.

त्यापुढची कडी केबलची. तिच्याकडे कोणीच पाहत नाहीं. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट. सेकंदास ६० चित्रें पाठवावयाचीं तर सुमारें ३ अब्ज बिट तारेंतून जावयास हवेत, १४४ चित्रांस ७ अब्जांहून अधिक, आणि २४० चित्रांस जवळजवळ १२ अब्ज. जुन्या एचडीएमआय १.४ जोडणींतून चित्रासाठीं सुमारें ८ अब्जच बिट जातात. तींत १२० सुखानें बसतें, १४४ जेमतेम बसतें आणि तेंहि प्रत्येक मॉनिटर स्वीकारतोच असें नाहीं. २४० तर मुळींच बसत नाहीं. ४के पडद्याचे ठिपके ह्याच्या चौपट, म्हणून ती जोडणी त्यास सेकंदास ३० चित्रांवरच अडविते. अशा वेळीं एचडीएमआय २.० किंवा २.१, अथवा डिस्प्लेपोर्ट लागतें. केबल कोठें खोंवली हेंहि महत्त्वाचें. ती ग्राफिक्स कार्डाच्या तोंडांत न घालतां चुकून मदरबोर्डाच्या तोंडांत घातली, तर मोलाचें कार्ड पेटींत स्वस्थ बसून राहतें.

शेवटची कडी सेटिंगची. पोलादपूर तालुक्यांतील एका घरची हकीकत आम्हांस ठाऊक आहे. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर कामास जातात. मुंबईच्या चाकरमानी काकांनीं गणपतीला येतांना हातभार लाविला, आणि मुलासाठीं १६५ चा मॉनिटर व त्यास साजेसें कार्ड घरीं आलें. मुलगा सहा महिनेपर्यंत मित्रांस सांगत होता, "फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो." आठवींत शिकणाऱ्या धाकट्या बहिणीनें एके दिवशीं विंडोजचीं सेटिंग्ज उघडलीं. त्यांतील 'डिस्प्ले', त्याखालीं 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' येथें तिनें पाहिलें, तों पडदा पहिल्या दिवसापासून ६० वरच चालत होता! तिनें १६५ निवडलें आणि माऊसचा बाण फिरवून पाहिला. मग त्या घरांत खरा फरक प्रथमच दिसला. ह्या मुलाची चेष्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याला जें दिसत होतें तें पडद्यावरचें नव्हतें, खोक्यावरचें होतें. असे मोठे मोठे लोकहि पुष्कळ आहेत.

अलीकडे आंकडा वाढविण्याची आणखी एक युक्ति निघाली आहे. कार्डानें काढलेल्या दोन चित्रांच्या मध्यें कृत्रिम बुद्धिमत्तेनें आणखी चित्र भरावयाचें. एनव्हिडियानें २०२२ सालीं हें आपल्या डीएलएसएस ३ मध्यें आणिलें. हालचाल त्यानें मऊ दिसते ह्यांत शंका नाहीं. परंतु खेळाडूच्या बोटाला खेळ जें उत्तर देतो, तें मूळच्या चित्रांच्याच वेगानें देतो, कधीं कधीं किंचित् उशिरानेंहि. मूळचीं ३० चित्रें ६० दिसलीं, तरी हाताला तीं तिसांसारखींच लागतात. विद्यार्थ्यांनीं विचारावें : कोपऱ्यांत दिसणाऱ्या आंकड्यांपैकीं कमावलेला किती आणि भरलेला किती?

मोबाइलविषयींहि दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांजवळ संगणक नसून घरांत मिळून एक मोबाइल असतो. आतां मध्यम किंमतीच्या फोनांतहि ९० किंवा १२० चा पडदा येतो. तो पुष्कळदां सेटिंगमध्यें बंद असतो, आणि बॅटरी वांचविण्याची सोय चालू केली कीं बहुधा ६० वर येतो. धडा वाचतांना मजकूर वर सरकवावयाचा असेल तर १२० वर अक्षरें कमी पुसट होतात, हा लाभ आहे. परंतु शिक्षकाचा जो पाठ सेकंदास ३० चित्रांनीं टिपला आहे, तो कोणत्याहि पडद्यावर ३० च नवीं चित्रें देणार. अभ्यासासाठीं म्हणून मोठ्या आंकड्याचा पडदा मागणाऱ्या मुलास पालकांनीं एवढें एकच सांगितलें तरी पुरें.

कोणी विचारील, मुलांच्या खेळण्याविषयीं एवढा खल कशासाठीं? त्याचें उत्तर आमच्या गांवांनीं जें सोसलें त्यांत आहे. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या पुरानें महाड शहर पाण्याखालीं गेलें. दुकानेंच्या दुकानें आणि घरेंच्या घरें चिखलानें भरलीं. वर्षानुवर्षें जमविलेल्या वस्तु लोकांनीं फावड्यानें ओढून रस्त्यावर टाकल्या. अशा घरांनीं पुन्हां एकेक वस्तु उभी केली आहे. तेथें पांचदहा हजारांची चूक ही चूक राहत नाहीं, ती एखाद्या बहिणीची फी असते, किंवा आजीचें औषध असतें. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा दृष्टांत लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत आहे. त्यांत बुरूज बांधणें वाईट असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. अर्धवट राहिलेल्या बुरुजाची लाज मात्र दाखविली आहे. १६५ चा पडदा आणून तो ६० वर चालविणें हा अर्धवट बुरूजच होय.

म्हणून आमची सूचना अशी आहे. पैसे खर्च करण्यापूर्वीं फुकटचे उपाय आधीं करावे. सेटिंग पाहावें, केबल कार्डांत आहे कीं नाहीं तें पाहावें. खेळांतील सावल्यांची व दूरच्या दृश्यांची बारकाई कमी करावी, कारण कार्डाचा पुष्कळ वेळ तेथें जातो. पेटी उघडून पंख्यावरील धूळ काढावी. तापलेलें यंत्र आपला वेग आपणच कमी करतें, आणि आमच्याकडील दमट हवेंत धूळ पंख्याला चिकटून बसते. स्वतंत्र कार्ड नसलेल्या संगणकांत मेमरीची एकच पट्टी असेल, तर जोडीला दुसरी घालावी. थोड्या खर्चांत त्यानें चित्रांची संख्या लक्षणीय वाढते. मग खेळ चालू असतांना सेकंदास किती चित्रें निघतात तें मोजावें. तीं ६० च्या आसपासच असतील, तर नवा मॉनिटर आणणें व्यर्थ आहे. तीं १०० च्या वर जात असतील आणि पडदा ६० चा असेल, तर मात्र मॉनिटर बदलणें शहाणपणाचें आहे. आणि नदीकांठच्या वस्तींत पेटी जमिनीवर ठेवूं नये, पावसाळ्यांत तर माडीवरच ठेवावी.

शाळांनाहि ह्यांत काम आहे. आवर्तन, दृष्टिसातत्य, गुणाकार, दर सेकंदाचें प्रमाण हे सर्व विषय आपण फळ्यावर शिकवितों आणि मुलें जांभया देतात. तींच मुलें मधल्या सुटींत हर्ट्झवर वाद घालतात. हाइनरिश हर्ट्झ हा १८५७ ते १८९४ ह्या काळांत होऊन गेलेला जर्मन शास्त्रज्ञ, आणि त्याच्या नांवानें आवर्तनें मोजतात, एवढें सांगून त्याच वादापासून धडा आरंभ करितां येईल. संगणक-कक्षांतील एकच पडदा आधीं ६० वर व मग तो घेईल तितक्या वेगावर लावावा, आणि कोणता कोणता हें न सांगतां मुलांकडून ओळखवून घ्यावें. कितीजणांस फरक दिसला तें फळ्यावर लिहावें. ज्याला दिसला त्यानें तो कां दिसला हें सांगावें, ज्याला दिसला नाहीं त्यानें तसें निःसंकोच सांगावें. ऐकीव आंकडा आणि स्वतः पाहिलेली गोष्ट ह्यांतील अंतर ह्या एका तासांत जितकें कळेल, तितकें आमच्या दहा व्याख्यानांनीं कळणार नाहीं.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं मुलानें नवा मॉनिटर मागितला तर लगेच "नाहीं" म्हणूं नये आणि लगेच दुकानहि गांठूं नये. त्याला वहींत पांच गोष्टी लिहून आणावयास सांगावें : सध्यांचें कार्ड कोणतें, प्रोसेसर कोणता, केबल कोणती, पडदा आज किती हर्ट्झवर चालतो, आणि आवडत्या खेळांत सेकंदास किती चित्रें निघतात. ज्याला हें लिहितां आलें, त्याच्या मागणीचा विचार अवश्य करावा. ज्याला आलें नाहीं, त्याला तें शोधून काढण्यास पंधरा दिवस द्यावे. त्या पंधरा दिवसांत तो जें शिकेल, तें मॉनिटर जुना झाल्यावरहि त्याच्याजवळ राहील.